नातीची राखण

मी चौथी शिकलेला माणूस, जन्म वाडीत गेला. वसईजवळच्या गिरीजला आमच्या आळीत नवखा माणूस शिरला की पहिला प्रश्न, "कोणाचा तू?" बापाचं नाव, गाव सांगितलं तर पाणी द्यायचं, नाहीतर आल्या वाटेने परत. ही आमची राखण.

बायको गेली त्या वर्षी नात तेरा वर्षांची होती. मुलगा-सून मुंबईत नोकरीला, दिवसभर घरात आम्ही दोघंच. बायको असताना पोर तिच्या कानाशी तासभर कुजबुजायची. माझ्याशी बोलणं म्हणजे, "आजोबा, जेवलात?" तिचा दोष नाही. मलाच कधी धड बोलता आलं नाही.

तेव्हा वसईच्या बाजारात सायबर कॅफे निघाले होते. शाळेच्या प्रोजेक्टसाठी दर शनिवारी नातीला तिथे न्यायचं काम माझ्याकडे आलं. ती आत कॉम्प्युटरवर, मी बाहेर पायरीवर. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, "कोणाचा रे तू?"

पोरं हसायची. "आजोबा, वॉचमन लागलात काय?"

हसू देत. माझ्या नातीजवळ अनोळखी माणूस फिरकत नाही, याची मला घमेंड होती.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "उद्या तुम्ही येऊ नका. मला मैत्रिणीला भेटायचंय, किल्ल्याच्या दरवाजात."

"कोणाची ती?"

"नाशिकची आहे. चॅटवर ओळख झाली."

"आडनाव?"

"विचारलं नाही."

"आवाज तरी ऐकलास?"

"नाही. लाल पिशवी घेऊन उभी राहणारे. घरी सांगू नको म्हणालीय."

मी दार राखत बसलो होतो आणि चोर दाराने आलाच नव्हता. पण तेव्हा एवढं कुठलं सुचायला? "अक्कल गहाण टाकलीस काय?" म्हणून ओरडलो, हात उगारला. पोर भिंतीला चिकटली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. लाल पिशवी घेऊन चाळिशीचा बाप्या उभा होता. "कोणाचा तू?" विचारल्यावर तो रिक्षात बसून पसार झाला. माझे गुडघे धावायचे नाहीत.

मुलाला सांगितलं. त्याने नातीचं सायबर बंद केलं, वर तिलाच बोलला. मला म्हणाला, "बाहेर बोलू नका, पोरीची बदनामी होईल."

त्यानंतर दोन महिने ती माझ्यापुढे ताट ठेवून आत निघून जायची. घरात भांड्यांचाच काय तो आवाज. बायकोच्या फोटोला म्हणायचो, तू हिच्या पोटातलं कसं काढून घ्यायचीस गं? जाताना ते तरी सांगून जायचंस.

एके दुपारी मी मेथी निवडत होतो. नात समोर येऊन बसली, तीही निवडायला लागली.

"आजोबा, ओरडणार नाही ना?"

"नाही."

"त्या माणसाकडे माझा फोटो आहे. मी पाठवला होता. शाळेतल्या कॉम्प्युटरवर मेल बघितला. भेटली नाहीस तर सगळ्यांना दाखवीन म्हणतो."

ओरडणार होतो, पण शब्द दिला होता.

"त्याचं पाप आहे ते, तुझं नाही. एवढे दिवस एकटीच घाबरत होतीस?"

ती रडली. जवळ घ्यायची मला सवय नव्हती, तसाच बसून राहिलो. मग सदरा चढवला, तिला घेऊन निघालो. मुलाला विचारलं नाही.

चौकीत हवालदाराने मला विचारलं, "बोला आजोबा, काय झालं?"

"तिला विचारा," मी म्हटलं. "तिचं ऐका आधी."

पोर बोलायला लागली. पहिल्यापासून सगळं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो.