फिरत्या दवाखान्यातल्या महादेवी सिस्टर

जनरेटर चालू झाला नाही की महादेवी सिस्टर बसमधून खाली उतरायच्या, हात पुसत पायरीवर बसायच्या आणि मला पान्याला हातच लावू द्यायच्या नाहीत. आधी विचारपूस. "काल बरा होता का? डिझेल कधी पाजलं? थांबला तो एकदम थांबला, का धापा टाकत थांबला?"

मी वैतागायचो. "सिस्टर, मशीन हाय हे. पेशंट न्हाय."

"बोलत नाही म्हणून काय झालं री? आधी विचारायचं, मग हात लावायचा."

हा 'री' त्यांच्या कानडीतला. आपल्याकडच्या 'अहो'सारखा, आदराचा. त्या अक्कलकोटच्या, घरात कानडी, बाहेर मराठी. मी माळशिरसकडचा. वयानं आम्ही बरोबरीचे, पण त्या मला बबनराव म्हणत आणि मी त्यांना सिस्टर. शेवटपर्यंत तेच राहिलं.

आमचा फिरता नेत्र दवाखाना म्हणजे एक जुनी बस. सोलापुरातल्या एका ट्रस्टनं तिच्यातल्या सीटा काढून ऑपरेशनचं टेबल आणि मोठा दिवा बसवला होता. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत खेड्यापाड्यांत विजेचा भरवसा नव्हता, म्हणून मागच्या कप्प्यात डिझेलवर चालणारा जनरेटर. बस चालवायची आणि जनरेटर सांभाळायचा, ही माझी नोकरी. हँडल मारून मारून माझे खांदे भरून येत. सिस्टरांच्या प्रश्नांना हसता हसता मीही तसाच विचार करायला कधी लागलो, कळलं नाही. एकदम थांबला तर एक रोग, धापा टाकत थांबला तर दुसरा. धापा टाकतो तेव्हा डिझेल पोचत नसतं. मग फिल्टर बघायचा, नळीत हवा शिरली असेल तर ती काढायची.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे स्वच्छता. टेबल, दिवा, खिडक्या झाल्या की माझं स्टिअरिंगसुद्धा पुसायच्या. "धुळीला दार लागत नाही री, फट पुरते," म्हणायच्या. दुष्काळाचे दिवस होते. रानातली माती उठून बसमध्ये यायची आणि त्या दिवसभर फडकं घेऊन तिच्याशी भांडायच्या.

जेऊरच्या पुढं एका गावात शिबिर लागलं होतं. शाळेच्या वर्गांत पेशंट झोपवले होते. सोनाबाई नावाच्या म्हातारीचा मोतीबिंदू काढणं चाललं होतं. भर दुपार होती, पण धूळ नको म्हणून खिडक्यांना जाड काळं कापड लावलेलं, आत सगळा उजेड त्या दिव्याचा. डॉक्टरांनी डोळ्याला छेद दिला आणि जनरेटर धापा टाकून थांबला.

"बबन!" डॉक्टर आतून ओरडले. "डोळा उघडा आहे. बाईंना खोकला आला तरी संपलं!"

मी धावत मागं गेलो. टाकीचं झाकण काढून बघितलं, डिझेल भरपूर. झाकण लावलं, हँडल मारलं, जनरेटर चालू झाला. आत डॉक्टरांनी काम पुढं नेलं असेल नसेल, तोच पुन्हा धापा टाकून बंद. आता नळीत हवा असणार, असं धरून स्क्रू ढिला केला आणि हातानं पंप मारत बसलो. डिझेल येता येत नव्हतं. घामानं पाना निसटत होता.

आत सिस्टर एका हातानं टॉर्च धरून उभ्या होत्या. टॉर्चचा उजेड डॉक्टरांना पुरत नव्हता. म्हातारीला हलायची, बोलायची बंदी. ती घाबरू नये म्हणून सिस्टर एकट्याच बोलत होत्या. पत्र्याआडून मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"आजी, हलायचं नाही. मी आहे इथं. आमच्या घरी शेंगाची चटणी करतो ना आम्ही, एकदा घेऊन येते. माझी आई करते. तिला दिसत नाही, तरी करते. काचबिंदू झाला होता, आम्हाला कळलंच नाही लवकर. तिचे डोळे आता येणार नाहीत. मी हे शिकले ते तिच्यामुळं. पण तुमचं तसं नाही, आजी. तुमचा मोतीबिंदू आहे, तुम्हाला दिसणार. शांत पडायचं."

इतकी वर्षं एका बसमधून हिंडलो, पण त्यांच्या आईचं मला ठाऊक नव्हतं. यंत्राला एवढं विचारणाऱ्या बाईला मी कधी काही विचारलंच नव्हतं.

टाकीचं झाकण पुन्हा फिरवलं तेव्हा 'सुस्स' असा आवाज झाला. बाहेरची हवा आत ओढली गेली. टाकीला श्वास घ्यायला झाकणावर एक बारीक भोक असतं. ते बंद झालं की डिझेल खाली उतरत नाही. झाकण पुसून बघितलं, तर भोकावर चिकटपट्टी, दवाखान्यातलीच, धुळीनं झाकणाच्याच रंगाची झालेली. ती ओरबाडून काढली, नळीतली हवा काढली, जीव खाऊन हँडल मारलं. दिवा लागला, आणि ऑपरेशन पुरं होईपर्यंत लागून राहिला.

डॉक्टर बाहेर आले, त्यांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. "काय झालं होतं?"

पट्टी मी मुठीत दाबली होती. "कचरा अडकला होता, साहेब," म्हणालो.

मागं सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी माझी मूठ बघितली. "कचरा नव्हता, साहेब. सकाळी मी पट्टी लावली होती. टाकीत धूळ जाईल म्हणून. बबनरावांना विचारलं नाही."

डॉक्टरांनी हातमोजे उतरवले. मग म्हणाले, "डोळ्याची पट्टी सुटू दे. मग बघू."

पट्टी सुटेपर्यंतचे ते दिवस सिस्टर जेवल्या काय, झोपल्या काय, मला सांगता येणार नाही. सोनाबाईच्या सतरंजीपाशी बसून असायच्या. मी चहा नेऊन दिला तर म्हणाल्या, "सगळ्यांना शिकवते, आधी विचारा. मीच विचारलं नाही री."

पट्टी सोडली त्या सकाळी मी वर्गाच्या दारात उभा होतो. म्हातारीनं पापण्या मिचकावल्या, भिंतीकडं बघितलं, मग सिस्टरांकडं.

"तूच व्हय ती बोलणारी?"

"होय, आजी. आवाजावरून ओळखलंत?"

"आवाज कुटला? मी इचारलं तवर बोललीस कुटं? रडतीयास, ते दिसतंय की मला."

त्या दिवशी डॉक्टरसुद्धा हसले. झाकणावरच्या पट्टीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढं सिस्टरांचा भाऊ नोकरीसाठी लांब गेला आणि आईपाशी कुणी उरलं नाही. सिस्टरांनी राजीनामा दिला. त्यांची ट्रंक घेऊन मी सोलापूर स्टँडवर गेलो. अक्कलकोटची गाडी लागलेली होती. ट्रंक टपावर चढवली, खाली उतरलो, आणि कसंबसं तोंडातून निघालं, "सिस्टर, आईंना हितंच आणा की. राहा हितंच."

"कुणासाठी राहू, बबनराव?"

त्यांनी सरळ माझ्याकडं बघून विचारलं होतं. भोवती माणसं चढत होती, कंडक्टर ओरडत होता. जात आडवी आली, धीर झाला नाही, का नुसती जीभ वळली नाही, कोण जाणे.

"पेशंटसाठी," मी म्हणालो.

त्या थोडं हसल्या. "पेशंटला दुसरी सिस्टर मिळेल री." खिडकीत बसल्यावर म्हणाल्या, "होगि बर्तीनी." जाऊन येते. आपल्यासारखंच कानडीतही निघताना नुसतं 'जाते' म्हणत नाहीत.

दुसऱ्या सिस्टर आल्या, चांगल्या होत्या. जनरेटर बिघडला की आतून विचारायच्या, "किती वेळ लागेल?" मी सांगायचो, आणि पायरीवर कुणी बसलेलं नसायचं.

काही वर्षांनी डॉक्टरांनीच सांगितलं. कावीळ झाली होती, उपचाराला उशीर झाला, महादेवी सिस्टर गेल्या. मी रजा टाकली आणि अक्कलकोटच्या गाडीत बसलो. विचारत विचारत त्यांच्या गल्लीत पोचलो. दाराबाहेर सतरंजीवर माणसं बसली होती, आतून बायकांचं हळू आवाजातलं कानडी ऐकू येत होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थानं मान वर करून विचारलं, "कोण आपण? सरकून घ्या रे, पाहुण्यांना बसू द्या."

सगळे सरकले. माझ्यासाठी जागा झाली. कोण म्हणून बसू, ते मला सुचेना.

"न्हाय, न्हाय," मी म्हणालो. "पत्ता चुकला माझा." आणि स्टँडकडं चालू लागलो.