एकाच नावाचे दोन खेळ

आमचं घर म्हणजेच व्हिडिओ गेम बनवायचं आमचं ऑफिस. गेम विकायचं दादा बघतो, चित्रं मी काढतो आणि सगळ्याचं पॅकेज वहिनी बांधते. मी तिला ‘पार्सलवाली’ म्हणतो. ती म्हणते, “भावजी, माझ्या चिकटपट्टीशिवाय तुमच्या चित्रांना कुत्रंही विचारणार नाही.” खरंच आहे. कोड, चित्रं, आवाज यांचं एक गाठोडं होतं, त्याला सील लागतं आणि वर ओळख क्रमांक. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा डबा, खेळाचं नाव वाचायच्या भानगडीत पडत नाही, तो क्रमांकच बघतो. खेळणाऱ्याने जिथवर मजल मारली असेल तेही त्याच क्रमांकाखाली साठवतो. क्रमांक बदलला की तो खेळ कन्सोलला परका.

चाचणीसाठी वहिनी मुद्दाम शेवटचा आकडा बदलते, म्हणजे जुनं-नवं शेजारी ठेवून ताडून पाहता येतं. पाठवण्याआधी आकडा पूर्ववत. शेवटची तपासणी मात्र कोऱ्या कन्सोलवर नाही, अप्पांच्या कन्सोलवर. हा तिचा हट्ट.

अप्पा आमचे वडील. अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर वहिनीने चाचणीचा जुना कन्सोल त्यांच्या खोलीत आणून ठेवला. कंट्रोलर मांडीवर टेकवून, डाव्या हाताने, त्यांनी आमच्या खेळात अख्खं गाव वसवलं. पहिल्या भिंती वेड्यावाकड्या, मग जरा बऱ्या. व्यायामाचा चेंडू त्यांनी कधी दाबला नाही, पण गाव वाढवत राहिले.

त्या दिवशी खेळाचं नवं अपडेट संध्याकाळपर्यंत ऑनलाइन स्टोअरकडे जायला हवं होतं. वहिनीने ते अप्पांच्या कन्सोलवर चढवलं आणि पडद्यावर एकाच नावाचे, एकाच चित्राचे दोन चौकोन आले. अपडेट जुन्या खेळात मिसळायचं सोडून शेजारी पाट मांडून बसलं होतं. चाचणीचा आकडा पूर्ववत करायचा राहिला होता.

“आकडा बदल, पुन्हा बांध आणि पाठव,” दादा दारातून म्हणाला.

“अहो, म्हणजे हे अपडेट जुन्या खेळावर एकदाही चाललेलं नाही. लोकांनी साठवलेलं सगळं उडालं तर?”

“आणि तपासताना अप्पांचं उडालं तर?”

साठवलेल्या खेळाची प्रत काढायची सोय, कोणी लबाडी करू नये म्हणून, आम्हीच बंद ठेवली होती. स्वतःच्या हुशारीचा मला इतका राग कधी आला नव्हता.

“पोरी,” अप्पा अडखळत म्हणाले, “घाल माझ्या खेळावर.”

पॅकेज पुन्हा बांधायला वेळ लागतो. वहिनी मशीनसमोरून हलली नाही. दादा घड्याळाकडे बघत येरझारा घालत होता. अप्पांना कसलं सुतक नव्हतं, ते तो चुकीचा, रिकामा खेळ उघडून खुडबुडत बसले.

अखेर नवं पॅकेज तयार झालं. या वेळी तिसरा चौकोन आला नाही, ते जुन्यात मिसळलं. वहिनीने खेळ उघडला. पडदा काळा झाला तो काळाच. दादाची येरझार थांबली. आणि मग अप्पांचं गाव दिसलं, वाकड्या भिंतींसकट.

दादाने धावत जाऊन अपडेट पाठवलं. वहिनीने कंट्रोलर घेतला आणि तो चुकीचा चौकोन पुसायला निघाली, तेवढ्यात अप्पांनी तिचं मनगट धरलं. “हा राहू दे.”

उघडून पाहिलं तर आत एक घर. दुपारभरात बांधलेलं, चारही भिंती सरळ, ओळंब्यात. गावातलं असं पहिलं घर उभं करायला त्यांना महिने लागले होते.

“ते गाव दुखण्यातलं,” अप्पा म्हणाले. “हे मी मजेत बांधलंय.”

“पण अप्पा, हा नुसता चाचणीचा आहे. याला पुढे कधीच अपडेट मिळणार नाहीत,” वहिनी म्हणाली.

“मग मला तरी कुठे मिळणार आहेत?”

वहिनी हसायला गेली आणि रडलीच. अप्पांनी तिच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला आणि दुसरं घर आखायला घेतलं.