तोंडावर ओरडायचं, मंजूर दाबायचं

आमच्याकडे माणसाची चूक त्याच्या तोंडावर सांगतात आणि कौतुक त्याच्या पाठीमागं करतात. उघडउघड कौतुक करायच्या जागा दोनच. एक निरोप समारंभ, दुसरी तेरवी. तेरवीत तर ऐकायला तो नसतोच, म्हणून जरा मोकळेपणानं करतात. हे मला कुणी शिकवलं नाही. अकोल्यात जन्मले, वाढले, लग्नही अकोल्यातच झालं, तेव्हा हे अंगातच होतं.

मी नोकरी अमरावतीत करते. सकाळी अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो. आमचं ऑफिस म्हणजे सरकीच्या ढेपेच्या दुकानावरची खोली. खाली पोती उतरली की वर खिडकीची तावदानं थरथरतात आणि दिवसभर खोलीला ढेपेचा वास येतो. तिथं बसून आम्ही चौघं जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरण्यांसाठी, सॉफ्टवेअर करतो. कापसाची गाडी फाटकातून आत आली, वजनकाट्यावर चढली, रिकामी होऊन बाहेर गेली, याची सगळी नोंद आमच्या प्रोग्रॅममध्ये होते. अकोटपासून इकडं बऱ्याच जिनिंगमध्ये तो चालतो. चालतो म्हणजे अडकला की फोन येतात, फोन आले नाहीत की चालतो.

माझं काम इतरांनी लिहिलेलं वाचायचं आणि चूक दिसली की ओरडायचं. पगारपत्रकावर त्याला वेगळं नाव होतं, पण काम हेच.

"अबे, तुया बापाचा ट्रॅक्टर जिनिंगले दिवसातून एकच खेप करते का?"

हे माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या पोराला. पोरगा म्हणजे तिशीचा माणूस, लग्नाला आलेला, रोज तिवस्याहून बसनं येणारा. घरी काळी जमीन, कापूस, तूर.

"नाई ताई. दोन-तीन होतेत."

"मंग तुया प्रोग्रॅमनं दुपारच्या खेपेचं वजन लिहिताना सकाळचं काहून पुसलं? सकाळचा कापूस काय गायीनं खाल्ला?"

"हाव ना ताई. करतो."

करायचा. मी पुन्हा पाहायची. मग आम्ही सगळे खाली जाऊन गिला वडा खायचो. वाद तिथंच संपायचा. कोणी कोणाच्या चुका मनात ठेवत नव्हतं, कारण त्या मोठ्यानं बोलून झालेल्या असायच्या.

मग आम्हाला पुण्याच्या एका कंपनीनं विकत घेतलं. आमचे मालक, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते मालकाचे शाखाप्रमुख झाले. खुर्ची तीच राहिली. पुण्याहून कापूस आला नाही, ग्राहक आले नाहीत, प्लॅटफॉर्म आला. आता सगळं काम म्हणे त्याच्यावर दिसणार. प्रत्येक कामाचं एक कार्ड. कार्ड 'करायचंय'मधून 'चालू'मध्ये, 'चालू'मधून 'तपासणी'त, तिथून 'झालं'मध्ये सरकवायचं. तपासणीत दुसऱ्यानं ते वाचायचं, शेरा लिहायचा आणि सगळं ठीक असेल तर हिरवं बटण दाबायचं. बटणावर लिहिलं होतं 'मंजूर'.

आम्ही शिकलो. जड नव्हतं. मी वाचायची, ओरडायची, समोरचा तिथल्या तिथं दुरुस्त करायचा आणि मी मंजूर दाबायची. शेऱ्याची चौकट कोरी. दुरुस्त झालेल्या गोष्टीवर काय लिहायचं? आणि शेजारी बसलेल्या माणसाची चूक लिहून पाठवायची म्हणजे काय, तो काय परगावी आहे?

पुण्याच्या मॅडम दर सोमवारी पडद्यावर यायच्या. फार गोड बोलायच्या. पहिल्या महिन्यात म्हणाल्या, "किती छान, तुमच्या टीममध्ये मतभेदच नाहीत!" त्या वेळी खाली हमाल आणि ढेपवाला एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते. भाऊंनी माइक बंद केला आणि मान डोलावली.

पुढं त्यांचा सूर बदलला. "अहो पण ताई, तुमच्या नावावर एकही शेरा कसा नाही? सगळं नुसतं मंजूर, मंजूर. जरा लिहीत चला हं, प्लीज."

मी म्हटलं, "मी बोलते ना मॅडम."

"बोललेलं दिसत नाही ना पण."

दिसत नाही ते खरं. ऐकू मात्र चौकापर्यंत जायचं.

मग एके दिवशी भाऊ पुण्याशी बोलून आले आणि त्यांनी दार लावलं. आमच्या खोलीचं दार मी तेव्हा पहिल्यांदा लागलेलं पाहिलं. ते मला म्हणाले, "आपल्याकडची एक जागा कमी करून राहिले ते. महिनाअखेरीले आकडे पाहतीन अन् ठरवतीन."

"कोणाची?"

भाऊ पंख्याकडं पाहायला लागले. "मंजूर दाबाचं काम आता मशीनबी करते म्हणे."

म्हणजे माझी. लाजत नाही सांगायला, मला ती खुर्ची हवी होती. अमरावती-अकोल्यात अशी दुसरी खुर्ची नाही. पुण्याला चला म्हणाले असते तर तिथं या वयात मी कोणाच्या पोरींबरोबर खोली घेऊन राहणार होते? आणि मुख्य म्हणजे मला हे काम येतं. दुसऱ्याची चूक शोधण्याइतकं चांगलं मला आयुष्यात काहीच येत नाही. माझ्या नवऱ्याला विचारा.

नवरा घरी म्हणाला, "मंग लिही ना. लिहिल्यानं बोट झिजते का?"

"तुमी नका शिकवू," म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतच लिहिलं. तिवस्यावाल्याच्या कार्डावर, अगदी सभ्य भाषेत: 'कापसाच्या ओलाव्याची कपात दोनदा होत आहे. कृपया दुरुस्त करावे.' माझ्या हातून 'कृपया' कसं उमटलं देव जाणे. प्लॅटफॉर्मनं त्याची वर्दी भाऊंना दिली, मॅडमना दिली, सगळ्यांना दिली. तिवस्यावाल्याला ती सकाळी येतानाच बसमध्ये मिळाली.

दुपारी त्यानं डबा माझ्याजवळ उघडला नाही. तुरीच्या सोल्याची भाजी होती, वास येत होता. त्याच्या आईच्या हातची ती भाजी आम्ही सगळे वाटून खायचो. त्या दिवशी तो खिडकीकडं तोंड करून एकटा जेवला. मग डबा धुऊन आला आणि म्हणाला, "ताई, माह्यावर राग होता त मले म्हनाचं होतं. पुण्याले कायले कळवलं?"

"राग नाही रे बाबा. रिव्ह्यू आहे तो."

"तुमी मले कधी 'कृपया' म्हटलं का आजपर्यंत?"

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. "बाई, माह्या पोरानं काई केलं का तिथं?"

"नाही हो काकू. किरकोळ होतं."

"किरकोळ होतं त बोलाचं. लिहून कायले देल्लं?"

त्या माउलीला मी प्लॅटफॉर्म काय समजावू? मला तरी कुठं समजला होता! फोन ठेवला आणि ठरवलं, नोकरी गेली चुलीत, मी पुन्हा लिहिणार नाही. ठरवलं खरं, पण गाडीत मूर्तिजापूरपर्यंत पगाराशिवाय महिना कसा निघेल ते बोटांवर मोजत होते.

भाऊंच्या पोटात गोष्ट राहत नाही. त्यांनी माझ्या खुर्चीची बातमी सगळ्यांना सांगितली. मला कोणी काही विचारलं नाही. मीही नेहमीसारखी वाचत होते, ओरडत होते. त्या दिवशी तिवस्यावाल्याचंच काम होतं. कोणीही बटण दाबावं आणि भरलेली गाडी काटा न करता फाटकाबाहेर जावी, अशी त्यानं सोय करून ठेवली होती.

"काबे, फाटक तुया काकाचं आहे का? कोणीबी येईन अन् गाडी सोडीन?"

तो "हाव ताई" म्हणाला आणि टाइप करायला लागला. माझ्या पडद्यावर वर्दी आली. त्याच्या कार्डाखाली त्यानं स्वतःच लिहिलं होतं: 'ताई आत्ता ओरडल्या. म्हणाल्या, फाटक तुया काकाचं आहे का. बरोबर आहे. काटा न करता गाडी जाऊन राहिली होती. चूक माझी. दुरुस्त करतो.'

"अबे, हे काय लिहून राहिला?"

"माही चूक मी लिहिली," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "तुमी थोडी लिहिली? याच्यात तक्रार कायची आली?"

मला यात खोट काढता आली नाही. आणि मी खोट काढायचा पगार घेते. बाकीच्या दोघांनीही तेच सुरू केलं. बघता बघता कार्डं भरून गेली. 'ताई म्हणाल्या, शुद्धीवर होता का.' 'ताईनं डोक्याला हात लावला, म्हणजे पुन्हा करावं लागीन.' सोमवारी मॅडमनी भुवया उंचावल्या.

"'फाटक तुझ्या काकाचं आहे का' हा नेमका कोणत्या प्रकारचा शेरा आहे? फंक्शनल की सिक्युरिटी?"

भाऊ गंभीरपणे म्हणाले, "सिक्युरिटी."

मॅडमनी तसं लिहून घेतलं.

महिनाअखेर आली. भाऊंनी पुन्हा दार लावलं. म्हणाले, "ताई, तुमची खुर्ची वाचली. तुमच्यामुळे लय चुका पकडल्या जातेत, हे दिसलं त्यायले."

"मग तोंड का असं?"

"जागा त एक कमी कराचीच आहे. आता त्याची म्हणून राहिले. सगळ्यात जास्त चुका त्याच्याच नावावर आहेत."

माझ्या अंगाची नुसती आग झाली. या पोरानं माझ्यासाठी स्वतःच्या बारीकसारीक चुका हातानं लिहून ठेवल्या, आणि त्याच मोजून त्याला काढणार? चुका तर बाकीच्यांच्याही होत्या. पण बाकीचे आठवेल ती लिहायचे, हा एकही सोडायचा नाही. मी मॅडमना फोन लावला आणि जे तोंडात येईल ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे हं ताई. फक्त तो प्लॅटफॉर्मवर लिहाल का, प्लीज? म्हणजे सगळ्यांना दिसेल."

दिसेल म्हणे! मी तिरमिरीत लॅपटॉप उघडला. तिवस्यावाला तेव्हा बससाठी निघून गेला होता. त्याची खुर्ची रिकामी होती आणि खिडकीत त्याचा धुतलेला डबा विसरलेला होता. तो समोर असता तर माझ्याच्यानं एक ओळही झाली नसती. नव्हता, म्हणून त्याच्या कार्डाखाली लिहिलं:

'चुका सगळ्यांच्या होतात. हा माणूस आपल्या चुका आपण लिहितो. माझी नोकरी राहावी म्हणून लिहितो. मी इतकी वर्षं दुसऱ्यांचं काम तपासते, असा कामाचा आणि मनाचा सरळ माणूस पाहिला नाही. एकदा सांगितलेली चूक त्यानं पुन्हा केलेली नाही. त्याला काढायचं असेल तर आधी मला काढा.'

दाबलं आणि लॅपटॉप बंद केला. कान गरम झाले होते. परक्यासमोर पदर ढळावा तसं वाटलं. घरी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

सकाळी गाडीत फोनवर मॅडमचं पत्र आलं. दोनच ओळी. अमरावतीची जागा कमी करण्याचा विचार मागे घेतला आहे. दोघेही राहतील. मी ते चारदा वाचलं असेल. शेजारच्या बाईनं विचारलं, "घरचं सगळं बरं आहे ना?" म्हटलं, "बरं आहे."

ऑफिसात पोचले. थोड्या वेळानं तिवस्यावाला आला. चेहरा पडलेला. बॅग खांद्यावरून काढली नाही, खुर्चीवर बसला नाही, दारातच उभा राहिला. मॅडमचं पत्र फक्त भाऊंना आणि मला होतं. त्याला काही ठाऊक नव्हतं.

"ताई, मले काढलं ना?"

"कोण म्हणे?"

"तुमी माह्याबद्दल चांगलं लिहिलं."

"मंग?"

"रात्री आईले वाचून दाखवलं," तो म्हणाला. "आई रडाले लागली. म्हणे, जित्या माणसाबद्दल इतकं चांगलं कोणी लिहीत नाई."

त्याला सांगायचं होतं की ते सगळं खरं आहे, अक्षर न् अक्षर, आणि तू राहतोयस. ते सोडून मी त्याचं कालचं काम उघडलं.

"इकडं ये. ही तारीख काय टाकली बे? कापूस काय जूनमध्ये येचतेत तुयाकडे? जूनमध्ये त पेरतेत! शेतकऱ्याचा पोरगा म्हणवते अन् असं लिहिते? शरम नाही वाटत?"

तो आला, पडद्यावर वाकला. मग माझ्याकडं पाहिलं.

"म्हणजे मी आहो?"

"आहेस म्हणून त ओरडून राहिली ना! बस खाली. अन् पहिले आईले फोन कर. सांग तिले, ताई सकाळी सकाळी ओरडली म्हणून."

त्यानं बॅग तशीच खांद्याला ठेवून फोन लावला.