सोनाबाईचे दोन डबे

नाताळ मार्गशीर्षात पडतो की पौषात, हे तेलंगणातल्या आमच्या जैनथच्या गल्लीत सगळ्यात आधी सोनाबाईला माहीत असतं. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच ती चष्मा पुसते, भिंतीवरच्या कॅलेंडरचं शेवटचं पान उलटते अन् बोटानं तिथी मोजते. स्वतः ती ख्रिस्ती. तिला ना गुरुवार, ना चतुर्थी. पण तिच्या नानकटाईचं सगळं त्या तिथीवर ठरतं. पौष असला तर अंडं घातलेलं एकच पीठ. मार्गशीर्ष असला तर दोन पिठं, दोन पराती, दोन डबे. कारण मार्गशीर्षात गल्लीतल्या बायका लक्ष्मीचे गुरुवार धरतात, महिनाभर अंडं घरात येऊ देत नाहीत, अन् सोनाबाईची पुडी गल्लीतल्या अकरा घरांत जाते.

पहिल्या वर्षी ती अशी जात नव्हती. सोनाबाई आदिलाबादच्या एका मिशन दवाखान्यात आया होती. तिथल्या एका सिस्टरनं तिला बिस्किटं शिकवली. तिचा नवरा नागोराव तेव्हा भैंशाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. तीसेक वर्षांपूर्वीच्या नाताळात तिनं पहिल्यांदा पुड्या वाटल्या. बायकांनी त्या दारातच घेतल्या, हसल्या, अन् मागच्या दारानं गाईच्या गव्हाणीत टाकल्या. सोनाबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं. तिच्या जागी मी असते तर त्याच दिवशी अकरा दारं बडवली असती. ती पुढच्या दिवाळीत किराणावाल्या जयवंताबाई काकूंच्या ओट्यावर जाऊन बसली अन् म्हणाली, तुमी या महिन्यात काय काय खात नाही, मले एकदा सगळं सांगा.

तेव्हापासून कॅलेंडर. पुडी उंबऱ्याच्या आत जायला सात वर्षं लागली. काकूंनी ती चहाबरोबर खाल्ली, हे कानावर यायला आणखी तीन. मग मात्र घराघराची आवड तिला पाठ झाली. धोंडीबाला साखरेचा आजार, त्याला जिऱ्याची खारी. पूनमच्या घरात लहान पोरं, त्यांना खोबऱ्याची. काकूंना वेलचीची नानकटाई, फार लाल न झालेली. नोव्हेंबरभर तिचं हेच चाललेलं असे, कुणाचे दात पडले, कुणाला खोकला झाला, कुणाला काय द्यायचं. नागोराव गेला त्या वर्षीही तिनं पुड्या चुकवल्या नाहीत.

गेल्या वर्षी नाताळ बुधवारी होता अन् दुसऱ्याच दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. त्यात सोनाबाईचा गुडघा सुजला. वीस किलोमीटर ऑटोत बसून आदिलाबादच्या बेकरीत पीठ भाजायला नेणं तिला जमेना. मी म्हटलं, मावशी, मी नेते. ती जरा घुटमळली. मी तिची शेजारीण, रेशनच्या अन् पेन्शनच्या दरखास्ती घेऊन तहसीलमध्ये बसणारी बाई, सातवीपर्यंत शिकलेली, कायदा वाचून वाचून शिकलेली. दोन डबे नेणं मला काय अवघड?

आदिलाबादच्या त्या बेकरीत सकाळचा पाव निघाला की दुपारी भट्टी घरच्या पिठासाठी मोकळी करतात. आपलं पीठ आपण न्यायचं, तिथंच ट्रेवर बिस्किटं मांडायची, भट्टीवाला सुरेंद्र ती आत सारतो. सोनाबाईनं मला तीन-तीनदा बजावलं. कापड बांधलेला डबा बिनाअंड्याचा. त्याच्या बिस्किटांवर बोटानं खळगी पाडायची. दुसऱ्या डब्याच्या बिस्किटांवर काट्यानं रेघा ओढायच्या. मैदा तोच, तूप तेच, भाजल्यावर रंगही जवळपास तोच. खूण तेवढी एकच.

मी पोचले तेव्हा माझ्यापुढे चार बायका होत्या. तेवढ्यात सुधाकरराव म्हणून एक कापडाचे व्यापारी आले, घरी लग्न होतं, दहा ट्रे भरून आणलेले. सुरेंद्रनं त्यांचे ट्रे सरळ पुढे घेतले. माझं डोकं फिरलं. मी डबे पाटावर ठेवले अन् सुरू झाले. नंबर कशाला म्हणतात ते मी सुधाकररावांना मराठीत सांगितलं, सुरेंद्रला हिंदीत सांगितलं, अन् मालक बाहेर आला तेव्हा त्यालाही सोडलं नाही. दहाच्या दहा ट्रे खाली उतरवायला लावले. बायका खूश. मी जिंकून वळले तर त्यांच्यातली एक कौतुकानं म्हणाली, "ताई, तुमी आमच्यासाठी भांडून राह्यल्या, म्हणून तुमचं पीठ आमी थापून टाकलं. दोन्ही डबे रिकामे केले."

आठ ट्रे. सगळ्या बिस्किटांवर बोटाची खळगी. कुठला ट्रे कुठल्या डब्यातला, त्या बायांनाही सांगता येईना. चौघी मिळून भराभर करत होत्या, एकीचा हात दुसरीच्या डब्यात.

तिथंच सगळं एका बाजूला ठेवून घरी खरं सांगता आलं असतं. नवं पीठ मळायला एक दिवस होता. पण सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, सुधाकरराव बघत होते, अन् मी आत्ताच एवढं बोलले होते. बिस्किटं निघाली तेव्हा मी वास घेऊन पाहिला. मी सगळं खाणारी, मला काय कळणार. जी जरा पिवळी वाटली ती अंड्याची ठरवली, बाकीची बिनाअंड्याची.

घरी आल्यावर सोनाबाईनं बिस्किटं पाहिली, रेघा काऊन नाही म्हणाली. मी म्हटलं, काटा विसरले, पण डबे वेगळेच ठेवले, बघ, हे इकडचे, हे तिकडचे. तिनं मान हलवली अन् पुड्या बांधायला घेतल्या. मीही तिच्याशेजारी बसून बांधल्या. माझे हात कुठंही थांबले नाहीत, हे मला अजून आठवतं.

गुरुवारी जयवंताबाई काकूंकडे उद्यापन होतं. सात सवाष्णी जेवायला. सुनेला दिवस गेलेले, आधी दोनदा पोटात राहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी या वर्षीचे गुरुवार फार कडक धरले होते. चहाबरोबर त्यांनी सवाष्णींपुढे ठेवली ती सोनाबाईची नानकटाई. घरचा लाडू-चिवडा असताना त्यांना ती ठेवावीशी वाटली, इथवर ती पुडी पोचली होती. सवाष्णींतल्या एकीनं घास तोंडात घेतला अन् बाहेर काढला. अंड्याचा वास येऊन राह्यला म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं. कुणी म्हणालं चुकून झालं असंन. कुणी म्हणालं, चुकून नाही, त्यांचा तो धंदाच आहे, बाटवायचा. तीस वर्षांत जो शब्द कुणी काढला नव्हता तो एका दुपारी निघाला. काकू काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी उरलेली पुडी सोनाबाईच्या ओट्यावर आणून ठेवली अन् परत गेल्या.

सोनाबाई लंगडत माझ्याकडे आली. तिनं आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "मंजुषा, डबे वेगळेच होते नं? खरं सांग."

मी म्हटलं, "वेगळेच होते, मावशी."

"मंग माझ्याच हातून झालं," ती म्हणाली. "म्हातारपणात अंडं भलत्याच परातीत फोडलं म्या."

दुसऱ्या दिवशी ती सुजलेल्या गुडघ्यानं अकरा दारांत गेली. प्रत्येक दारात हात जोडले, चूक माझी, वय झालं, म्हणाली. मी घरात बसून ते ऐकलं. साहेब लोकांना मी चूक कबूल करायला लावते, लेखी घेते, दस्तखत घेते. त्या दिवशी खिडकीही उघडली नाही.

बिस्किटांपेक्षा वाईट झालं ते पुढं. सोनाबाईचा स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला. भाजीत मीठ टाकलं की नाही म्हणून ती दोनदा चाखायची. गॅस बंद आहे का बघायला बसस्टँडवरून परत यायची. गोळ्या घेतल्या की नाही हे मला विचारायची, मी समोर दिसले की. एकदा म्हणाली, दवाखान्यात पस्तीस वर्षं एकाचं बाळ दुसऱ्याजवळ दिलं नाही, अन् आता पाहाय. मी चहा पीत होते. चहा प्याले अन् उठून गेले.

काकूंच्या सुनेला मे महिन्यात मुलगी झाली, धडधाकट. मला वाटलं, झालं, आता सगळं मिटेल. बारशाला सोनाबाईला बोलावणं आलं नाही. त्या दिवशी ती दार लावून बसली.

यंदाची दिवाळी आली अन् गेली. सोनाबाईनं कॅलेंडर उलटलं नाही. यंदा मार्गशीर्ष नाताळाच्या आधीच संपणार होता, एकच पीठ लागलं असतं, कुणाला काही अडचण नव्हती. डिसेंबर उजाडला तरी तिच्याकडे मैदा आला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आता लोकायले खाऊ घालायच्या लायकीची नाही राह्यली म्या." माणूस मेल्याची बातमी सांगावी तशी साध्या आवाजात म्हणाली.

तेव्हा मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, सुधाकरराव, चार बायका, आठ ट्रे, सगळं. मला वाटत होतं ती रडेल किंवा मला जवळ घेईल. म्हातारी माणसं तसं करतात असं आपण धरून चालतो. तिनं मला दोन वेळा पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "वर्षभर मले वाटे माझं डोस्कं कामातून गेलं. अन् तुले माहीत होतं. तू इथं बसून माझाच चहा पेली."

मी माफी मागितली. ती म्हणाली, माफी मले नको मागू. म्या ज्या ज्या दारात गेली त्या त्या दारात तू जाय. अन् मी जवळ नसतांनी सांग, नाहीतर त्यायले वाटंन मीच तुले शिकवून पाठवलं.

मी गेले. एका दिवसात दहा दारं. काही बायकांना वर्षापूर्वीचं आठवतही नव्हतं. धोंडीबा म्हणाला, तुझ्यासारखीनं तरी असं नव्हतं करायचं. सगळ्यात शेवटी जयवंताबाई काकू. त्यांनी मला आत घेतलं नाही. दारातच ऐकून घेतलं. नात कडेवर होती, तिनं माझ्या ओढणीला हात घातला तो त्यांनी सोडवून घेतला. म्हणाल्या, "म्या तिच्या तोंडावर काही बोलली नाही, हेच मले चांगलं वाटे. आता ते बी वाईट झालं." अन् माझ्यासमोरच चपला घालून सोनाबाईकडे निघाल्या. त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. संध्याकाळी सोनाबाईच्या घरातून परातीचा आवाज आला.

मला वाटलं माझं काम झालं. चोवीस तारखेला सकाळी मी तिच्याकडे गेले, डबे उचलायला हात पुढे केला. तिनं तो बाजूला सारला. तिचं ऑटो आलं होतं, आत जयवंताबाई काकू आधीच बसल्या होत्या, एक डबा त्यांच्या मांडीवर. सोनाबाई म्हणाली, पूनमचं राह्यलं.

अकरावं घर. पूनमच्या नवऱ्याला मार्चमध्ये बेल्लमपल्लीला खाणीत काम लागलं, ते तिकडच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. मी म्हटलं, फोन करते. ती म्हणाली, म्या काय फोनवर हात जोडले होते?

दोन बस बदलून मी दुपारी बेल्लमपल्लीला पोचले. पूनमनं पाणी दिलं, गल्लीची चौकशी केली. मी सगळं सांगितलं. तिनं पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "ताई, म्या इथं शेजारणीयले सांगून ठेवलं हो. आमच्या गावात एक बाई आहे, तिनं व्रतात अंडं खाऊ घातलं म्हणून. या लायनीत समद्यायले माहीत आहे. इथं कोण्या ख्रिस्ती बाईनं काही दिलं की हेच निघते."

कोळशाची काळी धूळ बसलेल्या क्वार्टरच्या त्या लायनीत मला वीसेक दारं दिसत होती. शेजारणी सगळ्या तेलुगू बोलणाऱ्या. सोनाबाईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हत्या. शेवटची बस साडेपाचची होती. मी पूनमला म्हटलं, चल, पहिलं दार कुठलं ते दाखव.

तेलुगू मला ऑफिसापुरतं येतं. दरखास्त, सही, रेशन. "चूक माझी होती, तिची नव्हती" हे तेलुगूत कसं म्हणायचं ते मी पूनमला विचारून घेतलं, दोनदा म्हणून पाहिलं, अन् दार वाजवलं.