दोन पिना आणि तीस टक्के

रविवारची सकाळ, पिंपरीतलं संत तुकाराम नगर... ताईच्या खोलीच्या उंबऱ्यावर मी गणिताचं पुस्तक उघडून बसलो होतो आणि बघत होतो समोर स्कूटर शिकणाऱ्या शेजाऱ्याकडे. चाळीसेक वर्षं उलटली, पण तो मेंदीच्या कुंपणात कसा घुसला ते अजून डोळ्यांपुढे आहे.

असो... दुसऱ्या दिवशी एका कंपनीत ट्रेनी भरतीची परीक्षा होती. तीन ठिकाणची कामं सोडून झाली होती, शाळा तर त्याच्याही आधी. दाजींनी साफ सांगितलं होतं, "ह्ये जमलं न्हाई तर येष्टी धरायची आन् गाव गाठायचं."

गणित असं... तीस टक्के मिळवणारा बारा गुणांनी नापास, चाळीस टक्केवाल्याला पास व्हायला लागतात त्याहून अठ्ठावीस जास्त. तर एकूण गुण किती? मी तीस-चाळीस मिळवून पाहिले, अठ्ठावीसातून बारा वजा केले... दर वेळी नवीन उत्तर!

दाजी चौथी शिकलेले, पण त्यांच्या कंपनीत मशीनच्या लोखंडी पिना तपासायचे. माप बसलं तर पास, नाहीतर बाजूला. त्यांनी मला गणित मोठ्यानं वाचायला लावलं.

"म्हंजे दोन पिना. एक बारा पॉइंट कमी, दुसरी अठ्ठावीस जास्त. दोघींत फरक किती?"

"चाळीस."

"आन् टक्क्यात?"

"दहा..." म्हणजे दहा टक्के म्हणजे चाळीस गुण! एकूण चारशे, पासाला एकशे बत्तीस! मी असा ओरडलो की ताई लाटणं घेऊनच बाहेर आली.

"जास्त असली तर घासून मापात आणता येती," दाजी म्हणाले. "कमी असली की भंगारात. ध्येनात ठेव."

परीक्षेत तसंच गणित आलं, फक्त आकडे वेगळे. मी आधी कोपऱ्यात दोन पिना काढल्या, मग उत्तर लिहिलं. पाच गुणांचं होतं...

आठवड्यानं निकाल लागला. पासाला चाळीस हवे होते, मला एकेचाळीस. दाजींना भीतभीतच सांगितलं.

"येकच पॉइंट जास्त व्हय?" ते हसायला लागले. "हरकत न्हाई पाव्हणं, घासून घिऊ!"

सहा महिने कुठे न टिकणारा मी, त्या कंपनीत टिकलो तो टिकलोच... मापात आणलंत, दाजी.