पुस्तकातला राक्षस

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारा तो म्हातारा प्रत्येक पुस्तक फडक्याने पुसूनच हातात द्यायचा. माझ्या घाबरट लेकीसाठी मी परीकथा मागितल्या. त्याने मला सोडून तिलाच विचारलं, "तुले कोणाचं भेव वाटते वं?"

"गणिताच्या बाईंचं."

तो हसला नाही. त्याने राक्षसाच्या गोष्टी काढल्या. मी नको म्हणाले, तर म्हणाला, "न्या बाई. हा राक्षस बरा. पुस्तक मिटलं का गुमान बसते."

पुढच्या रविवारी लेकीने त्यालाच विचारलं, "याच्याहून मोठा आहे का?"

तो खुशीत ढीग उपसू लागला. मी बाजूला उभी होते. तिला कोणाची भीती वाटते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.