करपलेले थालीपीठ

समस्त हिल्सबरोवासीयांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आज संध्याकाळी माझे थालीपीठ करपले. स्मोक अलार्मने ही वार्ता आमच्या या अमेरिकन गल्लीभर आधीच पोचवली आहे. ते मी टाकले नाही, खाल्ले. पण करपलेल्या भाजणीच्या वासाने मला एका जुन्या संध्याकाळी नेऊन बसवले.

तेव्हाही तव्यावर थालीपीठच होते. शेजारची सलमा फोन घेऊन धावत आली. गाझातल्या तिच्या बहिणीचा, हुदाचा, व्हिडिओ कॉल कितीतरी दिवसांनी लागला होता. तिकडे अन्नाचे ट्रक अडवून ठेवलेले. हुदा इंग्रजी शिकवायची, म्हणून सलमाने फोन थेट आमच्यासमोर धरला. पुण्याहून आलेली माझी आई पोस्टमनलाही जे विचारते, तेच तिने हुदाला हसतमुखाने विचारले, "यू ईट, बेटा?"

सलमाने मान खाली घातली. हुदाची गालफडे वर आली होती. ती आईकडे बघतच नव्हती. तिची नजर आमच्या मागे, धुरावर खिळली होती. मग ती इंग्रजीत जे ओरडली, त्यावर आम्ही सगळे हसलो. तो फोन पुन्हा कधीच लागला नाही.

"अहो, आधी ते उतरवा, करपतंय!"